माहितीपट नंतर, आधी पॉलिसी परत करा

पुण्याच्या एका वाचकाचं पत्र त्यांच्या परवानगीने थोडक्यात देतो आहे.

‘मी ४१ वर्षांचा, जाहिरात क्षेत्रात व्हिडिओ एडिटर. हातात ९५ हजार पगार येतो. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिचे ३२ हजार. मुलगा नववीत आहे, वडील ७२ वर्षांचे, आमच्याकडेच असतात. घरखर्च ७० हजार, गृहकर्जाचा हप्ता २८ हजार. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या नावावरचा वाईचा जुना फ्लॅट यंदा ३० लाखांना विकला. या पैशातून क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या निस्सीम चाहत्यांवर ७० मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. पाचगणी, झांझिबार, लंडन आणि स्वित्झर्लंडमधलं मोंत्रो, असं चित्रीकरण. बजेट १८ लाख. नोकरी सोडून दहा महिने फक्त हेच काम करायचं ठरवलं आहे. २०२३ मध्ये फ्रेडीच्या घराचं नुसतं दार लिलावात चार लाख पौंडांच्या वर गेलं. म्हणजे ओटीटीवाले ५०-६० लाख सहज देतील. प्रश्न एवढाच: १८ लाख स्वतःचे घालू, की १३ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ? बाकी पैशांची चिंता नाही. बँकेतल्या मॅडमनी ६ लाख एका गॅरंटीड प्लॅनमध्ये टाकून दिले आहेत. दरवर्षी ६ लाख, दहा वर्षं भरायचे. विसाव्या वर्षी १ कोटी २० लाख, म्हणजे दुप्पट, आणि टॅक्स फ्री. पुढच्या वर्षीचा हप्ता फिल्मच्या पैशातून जाईल. पॉलिसीचे कागद मागच्या आठवड्यात ईमेलवर आले.’

तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. कर्ज घेऊ नका. १८ लाख, १३ टक्के, पाच वर्षं म्हणजे महिन्याला ४१ हजारांचा हप्ता आणि साडेसहा लाखांच्या वर व्याज. पगाराची स्लिप दाखवून कर्ज घ्यायचं आणि पुढच्याच महिन्यात राजीनामा द्यायचा, याचा शेवट वसुलीवाल्यांच्या फोनने होतो. स्वतःचे १८ लाखही घालू नका. ते का, हे पुढे येईलच.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. कागद मागच्या आठवड्यात आले. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून, ईमेलवर आला तरीही, ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री-लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेले सगळे पैसे परत मिळतात. हे छापून येईपर्यंत मुदत सरत आली असती, म्हणून तुमचं पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला हे कळवलं. अर्ज पाठवल्याचं तुम्ही सांगितलंत, पण विमा कंपनीची पोच आली का, ते कळवलं नाहीत. पोच हातात नसेल तर अर्ज केलाच नाही असं समजा. अर्ज बँकेच्या शाखेत देऊन थांबू नका, तो थेट विमा कंपनीला ईमेलने आणि लेखी द्या. ‘सर, मॅडम रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ असं शाखेत ऐकवतील. त्या पुढच्या आठवड्यांतच महिना संपतो. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, तिथेही हललं नाही तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला एक रुपयाही लागत नाही.

आता हा प्लॅन काय आहे, ते आकड्यांत बघा. दहा वर्षं सहा-सहा लाख भरून विसाव्या वर्षी १ कोटी २० लाख. ‘दुप्पट’ ऐकायला छान वाटतं, पण पैसे वीस वर्षं अडकून दुप्पट होतात. परतावा पडतो वर्षाला साडेचार टक्के. हेच पैसे सरळ ७ टक्क्यांनी वाढले असते तर पावणेदोन कोटी झाले असते. गॅरंटी आहे, हे खरं. साडेचार टक्क्यांची आहे.

आणि टॅक्स फ्री? ते तर साफ खोटं. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या पारंपरिक, म्हणजे शेअर बाजाराशी न जोडलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, की मुदतपूर्तीच्या रकमेतला नफा करपात्र होतो. करमाफी राहते ती मृत्यूनंतर वारसांना मिळणाऱ्या रकमेला. तुमचा हप्ता ६ लाख. म्हणजे विसाव्या वर्षी ६० लाखांचा नफा एका झटक्यात तुमच्या उत्पन्नात धरला जाणार आणि आजच्या दरांनी त्यातले १५ ते १८ लाख करात जाणार. मग उरतो साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा परतावा. प्लॅन विकणाऱ्या माणसाला ही ५ लाखांची मर्यादा माहीत नसेल तर त्याला विकायचा अधिकार नाही, आणि माहीत असूनही ६ लाखांचा हप्ता ठरवला असेल तर ती फसवणूक आहे. फ्लॅट विकून खात्यात ३० लाख जमा होतात आणि बँकेतून लगेच फोन येतो, याचं मला आता नवल वाटत नाही. राग मात्र दर वेळी येतो.

याहून मोठी गोष्ट आहे ती हप्त्याची. तुम्हा दोघांचं उत्पन्न १ लाख २७ हजार, घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ९८ हजार. शिल्लक २९ हजार, वर्षाला साडेतीन लाख. त्यातून दरवर्षी ६ लाख कसे भरणार होतात? नोकरी सांभाळूनसुद्धा दरवर्षी अडीच लाखांची तूट. ‘फिल्मच्या पैशातून’ हे उत्तर पहिल्या वर्षापुरतंही चालत नाही, आणि प्लॅनला दहा वर्षं हवी आहेत. मध्येच सोडला तर? ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी एका वर्षानंतरही काही सरेंडर रक्कम मिळते, पण भरलेल्या पैशांपेक्षा ती कमीच. म्हणून आत्ता, या महिन्यात परत करा.

आता त्या ३० लाखांकडे येऊ. ते सगळे तुमचे नाहीत. फ्लॅटच्या विक्रीवर दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा कर आहे, साडेबारा टक्के. घर जुनं, स्वस्तात घेतलेलं असणार. साडेतीन लाख बाजूला काढा आणि ॲडव्हान्स टॅक्सच्या, म्हणजे वर्ष संपायच्या आत टप्प्याटप्प्याने भरायच्या कराच्या तारखांआधी सीएकडे जा. पत्रात याचा उल्लेखच नाही. दुसरं, आईने मृत्युपत्र केलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्या घरात नवऱ्याचा वाटा मुलांइतकाच असतो. वडिलांनी तुमच्यासाठी हक्कसोड केला असेलही. तरी या पैशाचं काय करणार आहात, हे त्यांना समोर बसवून सांगा. पत्रात ते एकदाच येतात, तेही फक्त वयाच्या आकड्यापुरते.

नोकरी सोडली की कंपनीचा मेडिक्लेम जातो, आणि त्यात वडील असतील तर तेही उघड्यावर येतात. ७२ व्या वर्षी नवी आरोग्य पॉलिसी महाग मिळते आणि जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ लागतो. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण अर्ज संरक्षण चालू असतानाच करावा लागतो. नोकरी सोडा वा न सोडा, वडिलांसाठी आणि तुम्हा तिघांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. आणि दीड कोटींचा साधा टर्म इन्शुरन्स घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला २५-३० हजारांत येईल. ६ लाखांच्या त्या प्लॅनमध्ये तुम्हाला सुमारे ६० लाखांचं संरक्षण मिळत होतं.

पॉलिसीचे पैसे परत आले असं धरून हिशोब मांडू. ३० लाखांतून कराचे साडेतीन गेले, राहिले साडेसव्वीस. सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते म्हणून ६ लाख. वडिलांच्या आजारपणासाठी ५ लाख वेगळे. मुलगा साडेतीन वर्षांत बारावी पार करेल, कॉलेजसाठी १० लाख. यंदाचे विम्याचे हप्ते दीड लाख. उरले ४ लाख. हेच तुमचं माहितीपटाचं बजेट.

तुमचे १८ लाखही खरे १८ नव्हते. दहा महिने पगार नाही म्हणजे पत्नीच्या ३२ हजारांत ९८ हजारांचं घर चालवायचं, तूट साडेसहा लाख. त्यात पुढचा हप्ता ६ लाख. झाले साडेतीस लाख. म्हणजे आईचं सगळं घर या फिल्ममध्ये गेलं असतं आणि प्लॅनचे पहिले ६ लाख आधीच गेलेले.

फिल्म करूच नका, असं मी म्हणत नाही. विषय फार चांगला आहे आणि तो तुमच्या दारात आहे. फ्रेडी म्हणजे १९४६ मध्ये झांझिबारला पारशी घरात जन्मलेला फारूख बुलसारा. तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला वाढला, तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड केला. २४ नोव्हेंबर १९९१ ला लंडनच्या घरी तो गेला. त्याची रक्षा कुठे ठेवली, ते त्याच्या इच्छेप्रमाणे गुप्त राहिलं. डोकं टेकायला समाधीच नाही. म्हणून चाहते जागा शोधत फिरतात: मोंत्रोच्या तळ्याकाठी १९९६ मध्ये उभारलेला पुतळा, झांझिबारचं संग्रहालय, लंडनच्या घराची भिंत आणि पाचगणीची शाळा. क्वीनचा अधिकृत फॅन क्लब १९७४ पासून अखंड चालू आहे. लिलावात गेलेलं ते हिरवं दार चाहत्यांनी लिहिलेल्या निरोपांनी भरलेलं होतं. त्या दारावर लिहिणारी माणसं तुम्हाला दाखवायची आहेत, हे मला पत्रातून समजलं आणि ते बघायला मला आवडेल.

पण दाराचा भाव फिल्मला लावू नका. दार एकच आहे, आणि दोन श्रीमंत माणसांना ते हवं असलं की भाव चढतो. तो लिलाव एकूण सुमारे ४ कोटी पौंडांचा झाला. त्यातला एक पौंडही माहितीपटांच्या बाजाराकडे आला नाही. अनोळखी दिग्दर्शकाच्या पहिल्या माहितीपटाला ओटीटी ५०-६० लाख देईल, हे गृहीत धरायला कसलाच आधार नाही. येणारी रक्कम शून्य धरा. चांगले माहितीपट करणारी माणसं वर्षानुवर्षं अनुदानं, लग्नांची शूटिंग आणि कॉर्पोरेट फिल्म यांवर तग धरतात.

तुमच्या बजेटमध्ये गाण्यांच्या हक्कांचा रकाना नाही. क्वीनवरच्या फिल्मचं बजेट १८ लाख आणि त्यात गाण्यांसाठी शून्य! गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात: रचनेची, जी प्रकाशकाकडे असते, आणि ध्वनिमुद्रणाची, जी रेकॉर्ड कंपनीकडे. चाहत्यांनी पुतळ्यासमोर घोळक्याने गाणं म्हटलं आणि तुम्ही ते टिपलं, तरी रचनेची परवानगी लागतेच. जुन्या मैफिलींच्या फुटेजचा हिशोब वेगळा. क्वीनच्या गाण्यांचे हक्क २०२४ मध्ये सुमारे १ अब्ज पौंडांना विकले गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. एवढे पैसे मोजणारा पहिल्या फिल्मवाल्याला फुकट गाणं देत नाही. परवानगीशिवाय महोत्सव फिल्म परत पाठवू शकतो आणि ओटीटी तर कागदपत्रांशिवाय बोलतच नाही. सगळं चित्रीकरण झाल्यावर हे कळलं तर एडिटिंगच्या टेबलावर निम्मी फिल्म कापावी लागते. तुम्ही स्वतः एडिटर आहात, ते काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून गाण्याशिवायची फिल्म विचारात घ्या. समाधी नसलेल्या माणसाचे भक्त कुठे जातात, हे दाखवायला त्यांचे चेहरे, त्यांचं बोलणं आणि पाचगणीचा रस्ता पुरतो. ४ लाखांतले दोन-अडीच लाख पाचगणीच्या २० मिनिटांच्या तुकड्यावर खर्च करा. नोकरी न सोडता, रजा आणि शनिवार-रविवार वापरून. शाळेची लेखी परवानगी आधी घ्या, आणि कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या प्रत्येकाची सही. कॅमेरा भाड्याने. एडिटिंग तुमचं घरचंच आहे.

तो तुकडा हातात आला की तो दाखवून पैसे मागता येतात. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, कोलकात्याचं माहितीपटांसाठीचं डॉकएज, नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाबरोबर भरणारा वेव्हज फिल्म बाजार या जागांचे नियम आणि तारखा आत्ताच वाचून ठेवा. झांझिबार आणि मोंत्रो दुसऱ्याच्या पैशाने. मोंत्रोला चाहते दरवर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास जमतात. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षीही जमतील.

उरलेले दीड लाख वकील, आवाजाचं मिश्रण, सबटायटल आणि महोत्सवांची प्रवेश फी यांसाठी ठेवा. पाचगणीचा तुकडा झाल्यावरही एखादं गाणं हवंच वाटलं, तर प्रकाशक आणि रेकॉर्ड कंपनी दोघांकडून लेखी भाव मागवा आणि तो मला पाठवा. तो येईपर्यंत मोंत्रोसाठी जिनिव्हाचं तिकीट काढू नका. आणि विमा कंपनीची पोच आज संध्याकाळपर्यंत आली नाही, तर उद्या सकाळी कार्यालयात जाऊन शिक्का मारून घ्या.