शिष्यवृत्तीच्या यादीतला मोबाइल क्रमांक आणि नोकरीची मुलाखत

सप्रेम नमस्कार.

आपले सांगलीहून आलेले पत्र काळजीपूर्वक वाचले. बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीचे नाव गुगलवर शोधले की महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्तीची जुनी पीडीएफ यादी सर्वांत वर येते, तीत तिचा मोबाइल क्रमांक, प्रवर्ग आणि बँक खात्याचा क्रमांक उघड दिसतो, आणि त्याखाली अकरावीत असताना तिने एका बातमीवर संतापून लिहिलेली प्रतिक्रिया येते, असे आपण कळवले आहे. मुलाखती तोंडावर आल्यामुळे तिची सगळी खाती बंद करावीत का आणि ‘गुगलवरून नाव पुसून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीला पैसे द्यावेत का, असे आपण विचारता. दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

गुगल ती यादी स्वतःकडे प्रसिद्ध करत नाही. यादी महाविद्यालयाच्या सर्व्हरवर आहे आणि गुगल तिच्याकडे फक्त वाट दाखवते. त्यामुळे गुगलने निकाल लपवला तरी मूळ फाइल तिथेच राहते आणि दुसऱ्या सर्च इंजिनवर किंवा थेट लिंकवरून उघडते. मोबाइल, घरचा पत्ता, बँक खाते यांसारखी माहिती निकालांतून काढण्यासाठी गुगलचा विनंती अर्ज विनामूल्य आहे. मात्र सरकारी किंवा अधिकृत संस्थेने सार्वजनिक नोंद म्हणून ठेवलेला मजकूर असेल, तर गुगल अशी विनंती नाकारू शकते. म्हणून पहिला अर्ज प्राचार्यांनाच करावा, आणि तो मुलीने स्वतःच्या सहीने द्यावा, कारण ती सज्ञान आहे आणि माहिती तिची आहे.

अर्जात पीडीएफची पूर्ण लिंक, पानाचा क्रमांक आणि उघड झालेले रकाने लिहावेत, आणि शिष्यवृत्ती वाटून झाल्यावर ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवण्याचे प्रयोजन उरत नाही, असे नम्रपणे पण ठामपणे मांडावे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले आहे, त्याचा उल्लेख जरूर करावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असला, तरी त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि माहिती पुसून घेण्याच्या हक्काची तरतूद त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहे; तेव्हा आज केवळ त्या कायद्याचा धाक दाखवून काम होईल, असे समजू नये. अर्जाची पोच घ्यावी. त्या यादीत तिच्यासारख्या इतर मुलींचेही क्रमांक असणार, त्यामुळे फक्त एक नाव झाकण्याऐवजी संपूर्ण फाइल उतरवण्याची मागणी करावी, असे मला मनापासून वाटते.

फाइल उतरल्यावरही काही दिवस जुना निकाल दिसत राहतो. तेव्हा गुगलच्या कालबाह्य मजकुरासाठीच्या अर्जात ती लिंक द्यावी. एजन्सीकडे याहून वेगळी किल्ली नसते. उलट ती आधार क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी मागू लागली, तर नवीच जोखीम उभी राहते.

प्रतिक्रियेचा प्रश्न वेगळा आहे. ती मुलीने स्वतः लिहिली आहे. खाते अजून चालू असेल तर लॉगिन करून ती काढून टाकावी, नसेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. तरीही मुलाखतीत कोणी विचारलेच, तर ते आपण लिहिले नाही असे तिने मुळीच म्हणू नये. ‘मी तेव्हा अकरावीत होते, आज मी हा मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडेन’ एवढे खरे आणि पुरेसे आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या रागावरून तिला नाकारणारा मुलाखतकार विरळाच.

सर्व खाती बंद केली, तर तिच्या नावावर ती यादी आणि ती प्रतिक्रिया एवढेच उरेल. त्याऐवजी तिने लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावर नीट प्रोफाइल तयार करावे: शिक्षण, टॅली किंवा जीएसटीचे काम शिकले असल्यास त्याचा तपशील, एखादा प्रकल्प. जन्मतारीख, घरचा पत्ता व प्रवर्ग तिथे नको, आणि गुगल ड्राइव्हवर ठेवलेल्या बायोडेटाची लिंक सर्वांसाठी खुली नाही ना, हेही पाहावे. मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (आपले आधीचे शोध आणि लॉगिन न वापरणाऱ्या) खिडकीत नाव देवनागरीत, रोमन लिपीतल्या सर्व स्पेलिंगांनी, वडिलांच्या नावासह आणि त्याशिवाय, तसेच नुसता मोबाइल क्रमांक टाकून शोधावे. आपल्याकडच्या तीन पदरी नावांमुळे एका शोधात सारे सापडत नाही.

आपला धाकटा मुलगा नववीत आहे, असे आपण लिहिले आहे. अठरा वर्षांखालील मुलांची छायाचित्रे गुगलच्या शोधनिकालांतून काढण्याची विनंती पालकांना करता येते. ताईसाठी ही वेळ टळून गेली आहे, परंतु त्याच्या नावाचा शोध आपण आजच घेऊन पाहावा.