ओरखडे सोड, बूड बघ

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायला बघतोयस त्या जुन्या कनूचे, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या त्या लांबट, अरुंद होडीचे, फोटो मिळाले. चारही बाजूने काढलेले, आणि तुझी सगळी काळजी ओरखड्यांची! ते सोड. ओरखडे म्हणजे ती पाण्यात हिंडली आहे, एवढंच. वर्षानुवर्षं उन्हात पडून विटलेली, हात फिरवला की पांढरी भुकटी लागणारी कनू मला जास्त खटकते.

आधी ती पालथी घालायला सांग. एका टोकाशी उकिडवा बस, एक डोळा मीट आणि सुतार फळीचा बाक बघतो तशी मधल्या रेषेवरून नजर लाव. मध्येच ती खोलगट दिसली तर बूड आत दबलंय. अशी कनू वळवताना छळते. मग अंगठ्याने दाबत दाबत पुढे सर. फायबरग्लासमध्ये एखादी जागा मऊ लागली, किंवा बाहेरच्या तड्याच्या नेमकं मागे आतून पांढुरका डाग दिसला, तर आतले तंतू तुटलेत. नुसती वरच्या थरातली केसासारखी रेघ असेल तर चालतंय. काठाची पट्टी लाकडी असेल तर दोन्ही टोकांना नख रोवून बघ. पाणी तिथेच साचतं, लाकूडही आधी तिथेच कुजतं. सगळी कनूच अॅल्युमिनियमची असेल तर ती दोन स्टुलांवर ठेवून आत बादलीभर पाणी ओत. रिव्हेट गळत असतील तर खाली थेंब दिसतीलच.

रॉयलेक्सची, म्हणजे प्लास्टिकच्या थरांच्या त्या खास साहित्याची, मिळाली तर सोडू नकोस. हे साहित्य 2014 पासून बनत नाही, म्हणजे मिळेल ती जुनीच. दगडावर आपटून दबलं तरी बहुधा पुन्हा वर येतं. फक्त वरचा रंगीत थर झिजून आतला वेगळ्या रंगाचा थर उघडा पडलेला नको; त्याला ऊन सोसत नाही.

आता वजन. इथे मी स्वतः फसलोय. पॉलिथिलिन प्लास्टिकची, जवळपास चाळीस किलोची कनू स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. पाण्यात सुरेख चालायची. पण गाडीच्या टपावर चढवताना दोघांचीही कंबर धरायची, आणि तिसऱ्या सहलीनंतर ती ताडपत्रीखालून निघालीच नाही. तुम्ही दोघं आणि दोन मुलं, म्हणजे 16-17 फूट लांबी आणि मध्ये तीनेक फूट रुंदी हवीच. त्या मापात दोघांना सहज उचलेल अशी शोध, चार पैसे जास्त गेले तरी.

शक्य झालं तर सगळ्यांना बसवूनच पाण्यात घालून बघ. रिकामी कनू थोडी डुगडुगतेच, त्यावरून नापसंत करू नकोस. मुलांची लाइफ जॅकेट मात्र विकणाऱ्याकडून फुकट मिळाली तरी घेऊ नकोस. त्यांच्या वजनाप्रमाणे नवीनच आण.

आणि पुढचा फोटो पालथ्या कनूचा पाठव, टोकाकडून काढलेला.

तुझा,
काका