झाडछाटणीचा अनुभव कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : पुण्यात झाडछाटणीचा स्वतःचा धंदा आहे. ऑस्ट्रेलियाला जायचंय, पण नोकरीचा दाखला नाही. अनुभव कसा दाखवू?

उत्तर : बिलं, त्याच रकमांच्या बँकेतल्या नोंदी, आयकर विवरणपत्रं आणि ग्राहकांची पत्रं वर्षवार लावा. घोडं अडतं ते रोखीच्या कामांपाशी. कोऱ्या पासबुकावर कोण विश्वास ठेवणार? पत्रात नुसतं 'झाडं तोडली' नको. दोरावर चढून छाटणी, फांदी बांधून उतरवणं, असं नेमकं लिहून घ्या. कागदांसोबत हातातलं कसबही तपासून घ्या : जड फांदीला खोडापासून ३० सेंमीवर आधी खालून पाव काप, मग जरा पुढे वरून, शेवटी फांदी खोडाला जुळते तिथल्या फुगवट्याबाहेर. खालचा काप चुकवलात तर साल खोडापर्यंत सोलते. जुनी करवत मात्र इथेच विका; पात्यातला भुसा, माती तिथल्या जैवसुरक्षा तपासणीत अडकते.