टीएसएच ५.८, फेरिटिन ९: थायरॉइडची गोळी सुरू करावी का?

तुमचं वय ३४, टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, थायरॉइड मंदावलं की वाढतं) ५.८, फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल, हिमोग्लोबिन १२.१, फेरिटिन ९, वर थकवा आणि केसगळती. तुमच्या जागी मी असते तर आधी लोहाकडे बघितलं असतं.

हिमोग्लोबिन बारावर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, आणि तो १५ च्या खाली म्हणजे जवळजवळ संपलेला. कणकेचा डबा तळाला गेला तरी त्या दिवशीच्या पोळ्या होतातच ना, तसं हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडच्या बाया नेमकं हेच सांगत नाहीत!

टीएसएचची वरची मर्यादा बहुतेक लॅबमध्ये ४ ते ४.५ च्या आसपास असते. टी४ नॉर्मल असताना ५.८ वर सहसा लगेच गोळी देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात, सोबत अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटिबॉडीजची तपासणी. १० च्या वर गेलं किंवा दिवस राहिले असतील, तर गोष्ट वेगळी. आणि थायरॉइडचं हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागतंच, म्हणूनही आधी लोह. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी दोन दिवस थांबवा, रिपोर्ट चुकू शकतो.

लोहाची गोळी मिळाली तर चहासोबत नको. तर्री-पोह्यांवर लगेच चहा, ही आपली नागपुरी खोडही तेवढे दिवस सोडा. त्याऐवजी संत्रं खा. पुढे थायरॉइडची गोळी लागलीच, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.