आठ फुटाला स्क्रू लावू का? मोठ्या सीएनसीबद्दल (संगणकाने चालणारं कापायचं मशीन) तुमचे प्रश्न

8 बाय 4 ची अख्खी प्लाय बसेल असा सीएनसी राउटर (फिरत्या बिटने लाकूड कापणारा) घरीच बनवतोय. लांब बाजूला 1605 बॉलस्क्रू स्वस्तात मिळतोय, घेऊ का? (सांगली)

नका घेऊ, पैसे वाया जातील. बॉलस्क्रू म्हणजे आट्यांचा दांडा, त्यावर आत गोळ्या असलेला नट सरकतो. 1605 म्हणजे 16 मिमी जाड आणि एका फेऱ्याला 5 मिमी पुढे जाणारा, आणि आट्यांच्या तळाशी उरतं जेमतेम 13 मिमी. शीट 2440 ची, वर गॅन्ट्रीची (शीटवरून सरकणाऱ्या आडव्या पुलाची) रुंदी, म्हणजे दोन बेअरिंगमध्ये 2700 मिमी सहज जातंय. एवढा लांब बारीक दांडा जोरात फिरवला की मधोमध पोट काढून उडी मारायच्या दोरीसारखा हेलकावतो, आणि लांबी दुप्पट झाली की ही मर्यादा चौथाईवर येते. एक टोक फिक्स, दुसरं नुसतं सपोर्टला धरून हिशोब केला तर सुरक्षित वेग साधारण 270 आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे मिनिटाला 1.3 मीटर फक्त! इतक्या हळू प्लाय कापली की ती जळते आणि बिट पण जातं. 2510 घेतलात तर चार-साडेचार मीटरपर्यंत जाल पण तो दांडाच इतका जड की फिरवायला 1605 च्या जवळपास सहापट जड पडतो, मोटरची ताकद त्यातच जाते.

त्यापेक्षा दोन्ही बाजूंना रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं दातेरी चाक) लावा, त्याला लांबीचं बंधनच नाही. फक्त पिनियन थेट मोटरवर नको, मॉड्यूल 1 (दाताचं माप) चा 20 दातांचा पिनियन एका फेऱ्यात 62.8 मिमी जातो म्हणजे एका फेऱ्याला 200 स्टेप घेणाऱ्या मोटरला एका स्टेपला 0.31 मिमी, फारच ढोबळ. मध्ये 1:5 रिडक्शन (मोटरचे पाच फेरे, पिनियनचा एक) टाका आणि पिनियन स्प्रिंगने रॅकवर दाबलेला ठेवा, प्ले (दातांमधली सैल हालचाल) जातो.

मग आडव्या बाजूला आणि झेडला (वर-खाली) पण रॅकच का? (नाशिक)

नाही, तिथे बॉलस्क्रूच. आडवं अंतर 1400 च्या आसपास, 2010 लावा, मिनिटाला 10 मीटर आरामात देतो. झेडला 1605 छान, पण बॉलस्क्रू स्वतःहून धरून ठेवत नाही हे लक्षात घ्या, लाईट गेली की जड स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) खाली सरकत येऊन जॉबमध्ये घुसू शकतो. ब्रेकवाली मोटर घ्या, इथे काटकसर नको.

सी7 चालेल की सी5 हवा? (कोल्हापूर)

हे स्क्रूच्या अचूकतेचे दर्जे, आकडा लहान तितका स्क्रू अचूक. लाकडाला सी7 पुरे. 300 मिमीला 0.05 मिमीचा फरक फर्निचरमध्ये कळत पण नाही.

नट फिरवून बघताना स्क्रूवरून सुटला, गोळ्या खाली पडल्या, आता? (पुणे)

आधी खोली झाडू नका, सगळ्या गोळ्या शोधा, 1605 मध्ये त्या 3.175 मिमीच्या असतात. डिझेलने धुवा, नटच्या खाचेत ग्रीस भरून चिमट्याने एकेक चिकटवा, रिटर्नच्या (गोळ्या परत फिरून येतात त्या) वाटेतल्या पण. मग आट्यांच्या तळापेक्षा किंचित बारीक पाईप नटमध्ये सारा, पाईपचं तोंड स्क्रूच्या टोकाला टेकवा आणि नट हळूच फिरवत स्क्रूवर चढवा. एखादी गोळी हरवली तर सायकलच्या दुकानातला छर्रा घालू नका, तो तसूभर मोठा निघाला तरी सगळा लोड त्या एकावर येतो आणि खाच खराब होते. त्यापेक्षा एक गोळी कमी परवडली.