‘लॉग इन’मधला ओंडका

प्रश्न असा आहे: ‘लॉग इन’ जोडून लिहायचं की तोडून, आणि ‘साइन इन’हून ते वेगळं आहे का?

इंग्रजीत क्रियापद तोडून, नाम जोडून. हे न कळल्यामुळेच ‘आय लॉगिन्ड यस्टरडे’ ऐकावं लागतं. अहो, भूतकाळाचा प्रत्यय ‘लॉग’ला लागतो, शेपटाला नाही! ‘लॉग्ड इन’ म्हणा. मराठीत मात्र ‘लॉगिन करा’ हे जोडूनच बरोबर, कारण आपल्या ‘करणे’ला आधी नाम हवं. ‘लॉगिन इन करा’ म्हणणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

खरी गंमत ‘लॉग’मध्ये आहे. काही पंडित त्याचं नातं गणितातल्या लॉगॅरिदमशी लावतात. लॉगॅरिदम हा स्कॉटिश गणितज्ञ जॉन नेपिअरने १६१४ साली रूढ केलेला शब्द, ग्रीक ‘लोगोस’च्या घराण्यातला. आपला ‘लॉग’ म्हणजे चक्क लाकडाचा ओंडका. शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेलं लाकूड मागे पाण्यात टाकत. पुढे त्याची पाव वर्तुळाच्या आकाराची फळी झाली. ती पाण्यात उभी राहावी म्हणून गोलाकार कडेला शिसं ठोकलेलं असे. फळी जवळपास जागच्या जागी थांबायची, जहाज पुढे जायचं आणि दोरी उलगडत राहायची. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत, म्हणजे साधारण २८ सेकंदांत, दोरीच्या किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात, तो यामुळे! मोजलेला वेग आधी खडूने पाटीवर, मग वहीत उतरायचा. ती वही म्हणजे लॉगबुक, आणि त्यात नोंद करणं म्हणजे ‘लॉग’ करणं.

१९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात अनेकांनी एकच संगणक वाटून वापरायची पद्धत दाखवली गेली. कोणी किती वेळ यंत्र वापरलं याचा हिशेब ठेवणं आलंच. म्हणून माझं ठाम मत असं, की यातला ‘इन’ वहीच्या आत नेणारा आहे, यंत्राच्या नव्हे. ‘इन म्हणजे प्रवेश’ एवढंच सांगून मोकळे होणारे व्याकरणवाले अर्धीच गोष्ट सांगतात. ‘लॉग इन टू’ऐवजी ‘लॉग इन्टू’ असं जोडून लिहिण्याची खोडही त्यातूनच येते; ‘इन’ क्रियापदाचा, ‘टू’ पुढच्या नामाचा.

हां, ‘साइन इन’. तिथे वहीत सही करायची असते. पडद्यावरच्या बटणापुरता दोन्हींत फरक नाही.