वाचकांचे प्रश्न : फळबागेतला जुना ट्रॅक्टर पारखताना

या वेळच्या पत्रांत एकाच विषयाचे बरेच प्रश्न आले, म्हणून सगळी जागा त्यालाच दिली आहे. झाडांच्या फांद्यांखालून जायला बुटका, चाकांवर पत्र्याची ढाल आणि धुराडे खाली वळवलेले, असा फळबागेचा ट्रॅक्टर १९३० ते १९५० च्या दशकांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये बनत असे. साध्या ट्रॅक्टरच्या तुलनेत तो फारच कमी संख्येने निघाला आणि जे निघाले त्यांतले पूर्ण अवस्थेत थोडेच उरले.

प्रश्न : कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या एका जुन्या बागेत जॉन डिअरचा एओ ट्रॅक्टर विकाऊ आहे. इंजिन सुरू होते. मडगार्ड मात्र नवे दिसतात. हा खरा एओ की एआरला चढवलेला साज, हे कसे ओळखावे? (एक वाचक, फ्रेस्नो)

उत्तर : शंका रास्त आहे. एआर हा शेताचा साधा ट्रॅक्टर आणि एओ हा त्याचाच बागेसाठी केलेला भाऊ. दोघांचे क्रमांक एकाच मालिकेतले आहेत, २५०००० पासून पुढे. त्यामुळे पाटीवरचा क्रमांक मालिकेत बसला म्हणजे एओ सिद्ध झाला, असे धरू नका. तो क्रमांक कोणत्या मॉडेलचा होता आणि कारखान्यातून कुठे रवाना झाला, हे कंपनीच्या जुन्या उत्पादन-नोंदींतच मिळते. विक्रेत्याकडे तसा उतारा नसेल तर पैसे देण्याआधी तो मागवा. थोडा खर्च आणि काही आठवड्यांची वाट, पण याच कागदावर पुढची किंमत ठरते.

नोंद येईपर्यंत यंत्राकडून उत्तर घ्या. आधी ब्रेक बघा. एओला मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळे ब्रेक असतात, कारण ओळीच्या टोकाला एक चाक धरून जागच्या जागी वळावे लागते. हे ब्रेक, त्यांचे पेडल आणि दांडे मूळचे असले तर दांड्यांच्या खिळी आणि भोके सारखीच झिजलेली असतात. नवे चकचकीत दांडे जुन्या भोकांत खडखडत असतील तर ते नंतर बसवलेले आहेत.

मग मडगार्ड धरून ठेवणारा एक कंस (ब्रॅकेट) सोडायला सांगा. एकच बोल्ट काढला तरी पुरते. मूळ कंसाखाली जुन्या रंगाचा दाबून बसलेला, कडेला स्पष्ट रेघ असलेला ठसा दिसतो. त्याच्या आत गंज कमी, बाहेर जास्त. नव्या कंसाखाली सगळीकडे एकसारखा गंज किंवा ताजा रंग असतो. भोकेही बघा. कारखान्यातले भोक गोल आणि सुबक असते, घरी ड्रिलने पाडलेल्याच्या कडेला वेड्यावाकड्या खुणा राहतात.

नवे मडगार्ड म्हणजे फसवणूक, असेही नाही. पुढच्या मालकांनी चढ-उतरायला अडचण होते म्हणून मूळ ढाली कापून टाकल्याची उदाहरणे भरपूर आहेत. नोंदीत एओ निघाला आणि ब्रेक मूळचे असले, तर पत्रा नवा असूनही ट्रॅक्टर खराच. फक्त पूर्ण पत्र्याच्या यंत्राचा भाव त्याला देऊ नका. आमचे मत ठाम आहे : या यंत्रात दुर्मीळ असतो तो पत्रा. इंजिनाचे बहुतेक भाग एआर किंवा साध्या ए मॉडेलवरून जमतात, ढाली, झाकणे आणि खाली वळवलेल्या धुराड्याचे तुकडे तसे जमत नाहीत. पूर्ण पत्रा आणि बंद इंजिन, किंवा अर्धवट पत्रा आणि धडधडणारे इंजिन, यांतून निवडायचे झाले तर पहिला घ्या.

१९३६ ते १९४० मधला एओ असेल तर गोष्टच वेगळी. तो आणखी अरुंद आणि बुटका केलेला, निमुळत्या पत्र्याचा नमुना आहे. त्याचे क्रमांक स्वतंत्र, १००० पासून सुरू होतात आणि एकूण आठशेच्या आसपासच बनले. त्याचा पत्रा दुसऱ्या कशालाच बसत नाही, म्हणून एक झाकण हरवले असले तरी ते नव्याने ठोकून घेण्याचा खर्च आधी विचारून ठेवा. पिस्टन मागवताना बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही मोजा. १९४० पर्यंतचे इंजिन ५.५ × ६.५ इंच, ३०९ घनइंच. १९४१ पासून स्ट्रोक ६.७५ इंच झाला आणि इंजिन ३२१ घनइंचांचे. मधल्या ऐंशी वर्षांत कोणी काय बदलले, हे पाटी सांगत नाही.

प्रश्न : त्याच कुळातला बीओ, म्हणजे जॉन डिअरच्या बी मॉडेलचा बागेसाठीचा नमुना, स्वस्तात मिळतोय, पण इंजिन जाम आहे. घ्यावा का? जाम इंजिन सोडवायचे कसे? (एक वाचक, पोर्टलँड)

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण आधी नेमके काय जाम आहे ते कळू द्या. क्लचचा जोड सोडा, दोन्ही सिलिंडरचे पेटकॉक (दाब सोडायच्या छोट्या तोट्या) उघडा आणि डाव्या बाजूचे फ्लायव्हील हाताने मागे-पुढे करा. तसूभर जरी हलले तरी आशा आहे. त्याच वेळी फ्लायव्हील शाफ्टवर सैल डुगडुगते का तेही बघा. दोन सिलिंडरच्या जॉन डिअरचे हे जुने दुखणे आहे. सैल फ्लायव्हील चालू इंजिनात ठोक्यासारखे वाजते, विक्रेता त्याला बेअरिंगचा आवाज म्हणतो आणि खाचा झिजल्या असतील तर दुरुस्ती महाग पडते.

त्यानंतर ऑइलचा खालचा बोल्ट अगदी थोडा, पाव फेरा सैल करा. पाणी जड असल्याने ते आधी बाहेर येते. चार थेंब आले तर दमटपणाचे. कपभर आले तर गास्केट गेले आहे, नाहीतर हेड किंवा ब्लॉक तडकला आहे. थंड प्रदेशात पाणी न सोडता हिवाळा काढलेले ब्लॉक गोठून फुटतात, म्हणून ब्लॉकच्या खालच्या अंगावर वेल्डिंगची किंवा पुटीची रेघ दिसते का ते टॉर्चने नीट तपासा. ऑइलला रॉकेलचा वास असेल तर घाबरू नका. ही इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग डिस्टिलेटवर, म्हणजे रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर, चालवत. इंजिन पुरेसे तापण्याआधी इंधन बदलले की ते न जळता ऑइलमध्ये उतरे. मात्र अशा ऑइलवर बरीच वर्षे चाललेल्या इंजिनाची बेअरिंगे मोजल्याशिवाय सुरू करू नका.

आता सोडवण्याचे. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल आणि अॅसिटोन समभाग घ्या आणि स्पार्कप्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा-पाऊण लिटर ओता. इथे बहुतेक जण चुकतात. हे सिलिंडर आडवे असतात. द्रव खालच्या अर्ध्या भागात साचून राहतो आणि पिस्टनची वरची बाजू कोरडीच राहते. हेड पुढे आणि क्रँक मागे असल्यामुळे ट्रॅक्टरचे तोंड फूटभर उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेका, म्हणजे द्रव पिस्टनकडे उतरेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवू नका. अॅसिटोन पेट घेते, म्हणून दारे उघडी आणि विडी-सिगारेट, वेल्डिंग दूर.

रोज फ्लायव्हीलला हलकेच दोन्ही दिशांनी ताण द्या. हातोडा मारायचा नाही, आणि गिअर टाकून दुसऱ्या गाडीने ओढायचेही नाही, त्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. सुटल्यावर लगेच गरगर फिरवू नका. आधी व्हॉल्व्हचे झाकण काढून चारही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो.

पंधरा दिवसांत काही हलले नाही तर हेड उतरवा. या इंजिनाचा ब्लॉक सुटा असतो. नट काढले की तो पुढच्या बाजूला सरकून येतो आणि पिस्टन रॉडवर मागेच राहतात. त्यामुळे लाकडाचा ठोकळा लावून ब्लॉकच पुढे ओढता येतो. नट आधी तापवा, नाहीतर जुने स्टड मुळाशी तुटतात.

इंजिन सुरू झाल्यावर रेडिएटरकडे लक्ष ठेवा. याला पाण्याचा पंप नाही, गरम पाणी वर आणि थंड खाली या तत्त्वावरच ते फिरते. पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेले की फिरणेच थांबते आणि हेड तडकते. बागेत चाललेल्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये पालापाचोळा घट्ट बसलेला असतो, तो मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारून काढा.

प्रश्न : असे ट्रॅक्टर शोधायचे कुठे? जाहिरातींत तर सगळे रंगवलेलेच दिसतात. (एक वाचक, सिअॅटल)

उत्तर : जिथे बागा होत्या तिथे. तुमच्या जवळ याकिमा आणि वेनाची, ओरेगनमध्ये हूड रिव्हर, कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली, पूर्वेला पेनसिल्व्हेनियाचा अॅडम्स परगणा, न्यू यॉर्कची पश्चिम बाजू, मिशिगनचा किनारा. शेतमालाच्या आणि औषध-फवारणीच्या दुकानांत चिठ्ठी लावा. बाग उपटून नवी लावणारा मालक आणि वारसांनी काढलेला लिलाव, हे दोन मुख्य रस्ते. हंगाम संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, लोकांना बोलायला वेळ असतो.

याकिमाच्या बाबतीत एक जास्त सांगायला हवे. तिथल्या लिंडमन कंपनीने बीओच्या सांगाड्यावर चाकांऐवजी साखळीपट्टे बसवून १९४७ पर्यंत सोळाशेहून जास्त यंत्रे बनवली. सफरचंदाच्या उतारावरच्या बागांत चाकांचा ट्रॅक्टर घसरत असे, म्हणून. असे यंत्र दिसले तर इंजिनाआधी पट्टे तपासा. पट्टा ताणून पाच कड्यांचे अंतर मोजा आणि सगळ्यांत कमी झिजलेल्या भागाशी ताडून पाहा. ताण देणारा स्क्रू शेवटाला टेकला असेल तर पिनी आणि बुश संपत आले आहेत. दातेरी चाकाचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर तेही गेले. शेवटी एक लिव्हर ओढून बघा, त्या बाजूचा पट्टा सुटला पाहिजे. सुटला नाही तर वळणाचा क्लच गंजून चिकटला आहे. पट्ट्यांची दुरुस्ती इंजिनाच्या दुरुस्तीला सहज मागे टाकते.

लिलावात बोलीवर खरेदीदाराची फी वेगळी असते, ती धरूनच आकडा ठरवा. नवा रंग असेल तर जास्त नीट पाहा, पुटी आणि वेल्डिंग त्याखालीच लपते. मूळ फिकट रंग टिकून असेल तर वाळूचा मारा करून तो घालवू नका, पुन्हा मिळत नाही.

प्रश्न : कागदपत्रे कोणती? आणि घरी आणायचा कसा?

उत्तर : अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शेतीच्या ट्रॅक्टरला मोटारीसारखे मालकीपत्र नसते. म्हणून क्रमांक, तारीख, किंमत आणि दोघांच्या सह्यांचे विक्रीपत्र करा, पाटीचा फोटो त्याला जोडा. किंमत मोठी असेल तर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात त्या मालकाच्या यंत्रांवर कर्जाचा बोजा नोंदवला आहे का ते पाहून घ्या.

वाहतुकीआधी टायरमध्ये पाणी भरले आहे का विचारा. वजन वाढवायला कॅल्शियम क्लोराइडचे पाणी भरत. ते ट्रेलरच्या हिशेबात धरावे लागते आणि गळले की रिम आतून खाते. व्हॉल्व्हभोवती पांढरे पापुद्रे दिसले तर रिम गेली समजा. साखळी चारही कोपऱ्यांना सांगाड्यालाच बांधा, मडगार्डला कधीच नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग ९ × ५ फुटांवर (दोन ओळींत ९, दोन वेलींत ५ फूट) लावलेली आहे. असा एखादा जुना अरुंद ट्रॅक्टर भारतात आणून वापरता येईल का? (एक वाचक, निफाड)

उत्तर : रोजच्या फवारणीसाठी नको. जुनी वाहने आयात करण्यावर निर्बंध आहेत आणि एका बेअरिंगसाठी हंगाम अडेल. त्या कामाला आजचे लहान डिझेल ट्रॅक्टरच बरे.

हौस म्हणून हवा असेल तर देशातच फर्ग्युसन टीई-२० शोधा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून जास्त बनले आणि भारतातही आले. डॅशजवळच्या पाटीवरची अक्षरे वाचा. टीई-नंतर के, एल किंवा एम असेल तर तो खास द्राक्षबागेचा नमुना. सी, ई किंवा जे असेल तर नुसता अरुंद. बागेचा नमुना मिळाला तर मोलाचा ठेवा समजा.

तपासताना गिअरचा दांडा एस या खुणेवर न्या, याच दांड्याने स्टार्टर लागतो. मग औजार उचलणाऱ्या मागच्या हातांवर वजन उचलून इंजिन बंद करा. वजन भराभर खाली आले तर पिस्टनची सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेला आहे. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकला तेल एकच असते. गिअरच्या दांड्याचे रबर फाटले की पावसाचे पाणी आत जाते, तेल ताकासारखे पांढरे होते आणि व्हॉल्व्ह चिकटतो. चालवताना लक्षात ठेवा, क्लच दाबला की हायड्रॉलिक पंपही थांबतो. म्हणून ओळीच्या टोकाला औजार आधी उचला, क्लच नंतर दाबा.